शिशाचे पेट्रोल गाडीत कुठे कुठे जाऊन बसायचे

एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडे बसणारी, धुरातले विषारी वायू मोडणारी डबी. त्या शहरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, बाकीकडे सुरुवातीला शिशाचेच. मुंबईची नवी मारुती अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात आली, की परतीच्या पावणेचारशे किलोमीटरसाठी टाकी इथेच भरायची. त्या टाकीने गाडीच्या आत काय केले, ते आपण क्रमाने पाहू. पंपावरचे शिसे गेले, पण त्याच वाटेने आजही गाड्या बिघडतात.

आधी हे, की शिसे घालायचेच कशाला? ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटले, की चढाला इंजिन खडखडते. याला नॉकिंग म्हणतात. शिशाच्या एका संयुगाने ते थांबते, हे अमेरिकेत 1921 साली थॉमस मिजली यांना सापडले. आपल्याकडे 1997 पासून देशभर कमी शिशाचे पेट्रोल आले, त्यातही लिटरमागे 0.15 ग्रॅमपर्यंत शिसे असे. 28 लिटरच्या टाकीत चार ग्रॅम.

पहिला मुक्काम प्लग. जळलेल्या शिशाचा थर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बसतो. थंड असताना तो निरुपद्रवी. तापला की त्यातून वीज वाहते, ठिणगी कडेनेच निसटते आणि भर चढावर गाडी मिसिंग मारते. थंड प्लग तपासून ‘प्लग चांगला आहे’ म्हणणारे इथेच फसायचे.

दुसरा मुक्काम व्हॉल्व्ह, आणि इथे शिशाचा फायदा होता. व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ती सीट जुन्या इंजिनांत मऊ बिडाची असे. शिशाचा पातळ थर तिची झीज रोखायचा. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसे बंद झाले. त्यानंतर जुनी अँबेसिडर वेगात, ओझे घेऊन सतत चालवली, तर सीट खचू शकते. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातले, अंतर पुन्हा पुन्हा कमी होते, ही तिची खूण. नुसते टॅपेट लावत राहिले तर सीट खचतच जाते, शेवटी व्हॉल्व्ह जळतो. हेड उतरवून कठीण धातूची सीट ठोकून घेणे हाच उपाय. जुनी गाडी जपणाऱ्या कोल्हापूरकरांना इंजिनकामाच्या वर्कशॉपांचे उद्यमनगर हाताशी आहे, हे भाग्यच.

तिसरा मुक्काम ऑक्सिजन सेन्सर. इंजेक्शनच्या गाड्यांत तो धुरातला प्राणवायू मोजतो आणि पेट्रोल किती सोडायचे ते संगणकाला कळवतो. त्याच्या टोकावरचे प्लॅटिनम शिशाने झाकले, की तो सुस्त होतो आणि पेट्रोलचे गणित बिघडते.

शेवटचा मुक्काम कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिक वीट असते. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा सूक्ष्म लेप असतो. धूर या धातूंना शिवला तरच विषारी वायू मोडतात. शिसे नेमके त्यांच्यावर बसते. चुकून थोडे गेले आणि पुढे स्वच्छ पेट्रोल मिळाले, तर कन्व्हर्टर काही अंशी सावरतो. टाकीमागून टाकी गेली, तर कायमचा निकामी. मला यात सर्वांत वाईट वाटते ते हे, की मालकाला काहीच कळत नाही. छिद्रे मोकळीच असतात, पिकअप तोच, आवाज तोच. विष मात्र मागे उभ्या माणसाच्या छातीत जाते.

आज शिशाची जागा दुसरे पदार्थ घेतात. इंजिन ऑइल खात असेल, तर ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त कन्व्हर्टरवर बसतात. काही ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांत मँगनीज किंवा लोह असते, तेही तसेच साचते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील, तर ती घेऊच नये.

म्हणून चेक इंजिनचा दिवा लागला, की लगेच नवा सेन्सर बसवू नका आणि कन्व्हर्टर ‘खाली’ करून, म्हणजे आतली वीट काढून, देणाऱ्याचे तर मुळीच ऐकू नका. आधी प्लग काढून बघायला सांगा. तांबूस थर असेल तर बूस्टर बंद करा. काळा आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील तपासून घ्या. ते दुरुस्त झाल्यावर सेन्सर, आणि तरीही पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त येत असेल, तरच कन्व्हर्टर बदलायचा.