डिंडोलीचा माग आणि देशाची वेस

सुरतच्या डिंडोलीत गल्लोगल्ली अहिराणी कानावर पडते. खानदेशातून आलेल्या इथल्या अनेक कुटुंबांची चूल यंत्रमागावर आणि कापडबाजारावर पेटते. त्यामुळे परदेशी मालाला बाजार बंद हवा की खुला, हा वाद इथे थेट पगाराला भिडतो.

१९९१ पूर्वी भारतात परवाने आणि जबर आयातशुल्क यांची भिंत होती. त्या वर्षी कमाल शुल्क १५० टक्क्यांवर आणलं, पुढे ते उतरत गेलं. पण भिंत नेमकी कोणाला वाचवते? परदेशी धाग्यावर शुल्क लावलं की धागा बनवणारा मोठा कारखाना तगतो, मात्र तोच धागा विकत घेणारा छोटा मागवाला महागाईत सापडतो. २०२० च्या अर्थसंकल्पात पॉलिएस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचं अँटी-डंपिंग शुल्क काढलं, ते अशाच ओढाताणीतून.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. दक्षिण कोरियाने घरच्या उद्योगांना आडोसा दिला, पण त्यांच्याकडून निर्यातही करून घेतली. बांगलादेश कापूस बाहेरून आणून जगाला कपडे शिवून देतो. मला वाटतं, धागा स्वस्त मिळू द्यावा. आडोसा द्यायचाच तर तो मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कारागिराला द्यावा. मंदीत पहिला खाडा त्याचाच होतो.