पूल उतरतो तिथे

सकाळी दहाच्या सुमारास भारतमाता सिनेमापाशी उभे राहून वर पाहा. डोक्यावरून लालबागचा उड्डाणपूल गेला आहे. जून २०११मध्ये तो सुरू झाला, लांबी सुमारे अडीच किलोमीटर. परळच्या बाजूने चढलेली गाडी लालबागचे गजबजलेले चौक खाली टाकून थेट जिजामाता उद्यानाजवळ उतरते. वाटेत एकही सिग्नल नाही. तरीही गर्दीच्या वेळी हीच गाडी पुलावर अडकून पडते. सिग्नलच नाही, तर मग ती थांबते कशाने?

उत्तर पुलाच्या पायथ्याशी आहे. चालत्या रांगेत दोन गाड्यांमध्ये साधारण दोन सेकंदांचे अंतर लागते. म्हणजे विनाअडथळा धावणाऱ्या एका लेनमधून तासाला जास्तीत जास्त १,८०० गाड्या जातात. दोन लेनमधून ३,६००. आता समजा, उतारानंतर पहिलाच सिग्नल निम्मा वेळ हिरवा आहे. त्यातून तासाला १,८००च गाड्या सुटतील. वरून पूर्ण भरून येणाऱ्यांपैकी ३०० गाड्या दर दहा मिनिटांनी मागे उरतील. गाडीमागे साडेसहा मीटर जागा धरली, तर दोन लेनमध्ये ही रांग जवळजवळ एक किलोमीटर होते. अडीच किलोमीटरचा पूल भरायला अर्धा तासही लागत नाही. पाणी बाटलीच्या गळ्यातूनच बाहेर पडणार, बाटली कितीही मोठी घ्या.

दुसरी गोष्ट लाटेची. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. २००८मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग पाहण्यासारखा आहे. सिग्नल नाही, अरुंद जागा नाही, अपघात नाही. थोड्याच वेळात कोंडी आपोआप तयार झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकू लागली. एकाने किंचित ब्रेक दाबला की मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त. पुलावर असा ब्रेक लागण्याचे एक निमित्त म्हणजे सांधे. काँक्रीट उन्हात प्रसरण पावते. शंभर मीटर लांबीचा भाग वीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. म्हणून पुलात सांधे ठेवावेच लागतात. तो सांधा उखडला की प्रत्येक चालक तिथे पाय ब्रेकवर नेतो आणि लाट मागे निघते. सांध्यांची देखभाल म्हणूनच वाहतुकीचेही काम आहे.

लालबागच्या याच रस्त्यावरून एकेकाळी ट्राम धावायची. दादर टीटीतला दुसरा ‘टी’ टर्मिनसचा आणि पहिला ट्रामचा. ३१ मार्च १९६४ला मुंबईची शेवटची ट्राम गेली आणि पुढच्याच वर्षी, १९६५मध्ये, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल खुला झाला. शिरीष पटेल यांचा तो आराखडा. पूल म्हणून ते उत्तम काम होते, आजही आहे. पण माणसे वाहून नेणारी गाडी काढायची आणि मोटारींना मजला बांधून द्यायचा, ही दिशा मात्र चुकली असे मला वाटते.

कारण रस्ता वाढला की गाड्याही वाढतात. ड्युरान्टन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून २०११मध्ये दाखवले, की महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी त्यांवरचा वाहनप्रवासही वाढतो. मोकळा रस्ता दिसला की लोकलने जाणारा एखादा मोटार काढतो, दुपारी जाणारा सकाळी निघतो.

मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर एक लेन तासाला २,७०० माणसे नेते. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक लोकल पाच हजारांच्या आसपास माणसे नेते. म्हणजे परळ स्थानकातून सुटलेली एक गाडी लेनच्या जवळजवळ दोन तासांचे काम करते, आणि तिच्या मागे काही मिनिटांत पुढची येतेच. गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून धावणारी मेट्रो ३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, ती याच कारणासाठी मोलाची.

आता नवा मजला प्रभादेवीला चढतो आहे. शिवडी-वरळी उन्नत मार्ग साडेचार किलोमीटरचा. अटल सेतूवरून आलेल्या गाड्या तो वरळीकडे नेणार. त्यासाठी सप्टेंबर २०२५मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल बंद झाला आणि तिथे दुमजली पूल उभा राहतो आहे. वरून उन्नत मार्ग, खालून परळ-प्रभादेवीची स्थानिक वाहतूक. या पुलापलीकडे केईएम रुग्णालय आहे, टाटा आहे, वाडिया आहे. इथल्याच रेल्वे पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ला चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. इथे सर्वांत मोठी वाहतूक पायी चालणाऱ्यांची आहे, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळले होते.

म्हणून हा उन्नत मार्ग बांधणाऱ्या प्राधिकरणाकडे आणि महापालिकेकडे एवढेच मागणे आहे. वरच्या मजल्याची फीत कापण्याआधी त्याच्या प्रत्येक उतारावरच्या चौकाची क्षमता मोजा आणि ते आकडे लोकांसमोर ठेवा. आणि खालचा मजला खुला कराल, त्याच दिवशी तिथे बससाठी राखीव लेन आणि रुग्णाला हात धरून नेता येईल इतका रुंद पदपथ तयार असू द्या.