अद्भुत मालिका आणि प्रेक्षकांची चर्चा

कलाकृतीचा आस्वाद आणि तिची समीक्षा यांच्या दरम्यान गप्पांचा एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. अभ्यासक्रमांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या सुमारे साठ किलोमीटरांच्या प्रवासात आदल्या रात्रीच्या मालिकेवर जे बोलले जाते, ते याच प्रदेशात मोडते. मालिका विज्ञानकथेची, अद्भुताची किंवा अतिमानवी नायकाची असेल, तर या बोलण्याला विशेष धार येते. असे का घडते, ते येथे पाहावयाचे आहे.

दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात दाखविली गेलेली ‘शक्तिमान’ ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचा नायक एरवी गंगाधर या नावाने वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून वावरतो. १९३८ मध्ये अवतरलेला अमेरिकन सुपरमॅनही वृत्तपत्रातच नोकरी करतो, त्यामुळे हे अनुकरण आहे असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो अपुरा आहे. सुपरमॅनचे बळ परग्रहावरील जन्मातून येते. शक्तिमानचे बळ योगसाधना, कुंडलिनी आणि पंचमहाभूते यांतून. नवनाथांची पोथी ज्या घरांत वाचली गेली, तेथील श्रोत्याला साधनेतून सिद्धी मिळणे नवे नव्हते. म्हणूनच माणूस उडेल कसा, असा प्रश्न या प्रेक्षकाला फारसा पडत नाही. संकट दुरून जाणण्याची शक्ती असूनही हा नेमका उशिरा का पोहोचतो, हा त्याचा प्रश्न असतो.

हा प्रश्न वाङ्मयीन आहे. कवी कोलरिज याने १८१७ मध्ये काव्यानंदासाठी अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची कल्पना मांडली. टॉल्किन याने १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात तिला हरकत घेतली. त्याच्या मते कथाकार एक दुय्यम जग निर्माण करतो आणि त्या जगाच्या नियमांना धरून जे घडते, ते वाचकाला खरे वाटते. नियम मोडला की मोहिनी उतरते. लोकलमधील चाहता टॉल्किनचे नाव न घेताही हेच तपासत असतो : मागच्या आठवड्यात या मण्याची शक्ती सूर्यास्तानंतर संपत होती, मग आज रात्री तो कसा चालला? असंभवनीयाची मुभा आहे, विसंगतीची नाही.

या संकेताचे ज्ञान मात्र उपजत नसते. शक्तिमानचे अनुकरण करताना मुलांनी इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळी आल्या होत्या आणि तसे करू नका, हे शक्तिमानलाच पडद्यावरून सांगावे लागले. ज्या घरात मोठी माणसे मालिका पाहता पाहता तिच्यावर बोलतात, तेथे मुलाला कथेची चौकट आपोआप कळत जाते. एकट्याने पाहणाऱ्या मुलाजवळ ही सोय नसते. गप्पांचे हे कार्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

विज्ञानकथेच्या बाबतीत चर्चेची कसोटी अधिक कडक होते. मराठीत ही कसोटी घडविण्यात मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांचा मोठा वाटा आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. विज्ञान काढून घेतले तर कथा कोसळली पाहिजे, ही अपेक्षा या परंपरेत रुजली. हाच निकष लावला तर अंतराळयानाची सजावट केलेल्या कित्येक मालिका वस्तुतः अद्भुतिकाच ठरतील. त्यात कमीपणा काही नाही. जात वेगळी, इतकेच.

वसई-विरारच्या प्रेक्षकाची स्थिती याहून काहीशी निराळी आहे. नायगाव, वालीव या भागांत मालिकांचे सेट उभे असतात. अद्भुताचा महाल प्लायवूडचा असतो हे त्याला शेजारधर्मानेच ठाऊक असते. तरीही मोहिनी टिकते, कारण ती साहित्यावर नव्हे तर नियमांवर उभी असते. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र वसईतील ‘अलिबाबा’ या अद्भुतरम्य मालिकेच्या सेटवर तिच्या तरुण नायिकेचा मृत्यू झाला. पुढे नायकाच्या भूमिकेत दुसरा अभिनेता आला, मालिकेचे उपशीर्षक बदलले आणि कथा चालू राहिली. अशा वेळी चाहत्यांपुढे दोन प्रश्न एकत्र उभे राहतात : पात्राचे काय होणार, आणि तिचे दुःख बाजूला ठेवून आपण ते विचारावे काय? पहिल्याचे उत्तर लेखक देऊ शकतो. दुसरा कोणत्याही दुय्यम जगाच्या नियमांत बसत नाही, आणि तो ज्याचा त्याने सोडवावयाचा असतो.

अशी चर्चा प्रकल्पासाठी नोंदवावयाची असल्यास बोलणाऱ्यांची संमती घ्यावी आणि त्यांची भाषा प्रमाण मराठीत उतरवू नये. हिंदी मालिकेवर वाडवळी, सामवेदी किंवा आगरी बोलीत मत देताना वक्ता जादू, शक्ती, शाप यांसाठी कोणते शब्द योजतो, ते जसेच्या तसे टिपावे.