पोराच्या इंग्रजीला आईचा कान

“मलेच इंग्रजी येत नाही, मी त्याचा कायचा अभ्यास घेऊ?” आमच्या धामणगावात हे वाक्य किती जणींच्या तोंडून ऐकलं असेल! मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. 2000 सालच्या जूनपासून मात्र राज्यातल्या मराठी शाळांत ती पहिलीतच आली, आणि तिच्याबरोबर आईची धास्तीही.

पण मैत्रिणींनो, एवढ्याशा पोराला व्याकरण नकोच असतं. ‘पाणी’ हा शब्द आपण त्याला लिहून थोडाच शिकवला? पेला हाती देताना दिवसातून दहादा म्हटला, झालं. आधी कान, मग जीभ, मग अक्षर. आपण उलटं करतो. ‘सी-ए-टी कॅट’ घोकून घेतो, अन् दारात मांजर आलं तर पोर गप्पच!

आपलं गाव तर रेल्वेचं. तिकीट, सिग्नल, प्लॅटफॉर्म, गार्ड हे शब्द पोरांच्या तोंडी आधीपासूनच आहेत. बडनेऱ्याच्या गाडीची वाट पाहताना स्टेशनची पाटी दाखवा. गावाचं नाव पाठच असतं, म्हणून इंग्रजी अक्षरांचे आवाज पोर स्वतःच जुळवू लागतं.

‘आय मिल्क ड्रिंक’ म्हणालं तर हसू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याच वळणाने ते बोलतं. आपण सहज ‘हो का, यू ड्रिंक मिल्क!’ म्हणावं. बस.

आणि पाहुण्यांपुढे “काकांना इंग्रजी बोलून दाखव” हे तर मुळीच नको. मी हा शहाणपणा केला होता. लेक फ्रॉकचं टोक चावत उभी राहिली, सगळे हसले. पुढे कितीतरी दिवस तिने घरात इंग्रजीचा शब्द काढला नाही. ती चूक तिची नव्हती, माझी होती.

आपल्याला येत नसेल तर उलट बरंच. “बाईंनी आज काय शिकवलं? मलेही सांग,” म्हणा. आईला शिकवायचं म्हटलं की पोराला केवढी ऐट चढते! रविवारी दोन तास दामटून बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं पुरतात, तीही स्वयंपाक करता करता. आमच्याकडे पोळ्या लेकच मोजायची, वन, टू, थ्री करत. टेन झाली की तवा खाली अन् अभ्यासही संपला.