कन्हेरीचा सातबारा ‘गुगल’ला का सापडत नाही?

बारामती तालुक्यातील कन्हेरी गावचा सातबारा उतारा शासनाच्या ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर पाहता येतो. मात्र ‘गुगल’वर शोधून तो मिळत नाही. याचे कारण संकेतस्थळाच्या रचनेत आहे.

शोधयंत्राचे ‘क्रॉलर’ एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात, तेथील मजकूर वाचतात आणि त्याची सूची तयार करतात. महाभूलेखवर मात्र जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांक भरल्यानंतरच उतारा समोर येतो. त्याच्यापर्यंत नेणारा दुवा नसल्याने क्रॉलर दारातूनच परततो.

खातेदारांची नावे असल्याने सातबाऱ्याबाबत हे योग्यच आहे. परंतु निविदा, योजना वा ग्रामसभेच्या सूचनाही अशाच पद्धतीने ठेवल्या, तर त्या प्रसिद्ध होऊनही नागरिकांपर्यंत पोहोचत नाहीत. त्यासाठी प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान, स्थिर पत्ता आणि मुख्य पानापासून दुव्यांची साखळी हवी. ‘गुगल’ने २००५ मध्ये आणलेली ‘साइटमॅप’ ही पानांची यादीही उपयुक्त ठरते.

पानाच्या शीर्षकात तालुक्याचा उल्लेखही आवश्यक आहे. अन्यथा बोरिवलीच्या कन्हेरी लेण्यांच्या गर्दीत बारामतीचे कन्हेरी हरवण्याचीच शक्यता अधिक.