अठ्ठावीस अंशांची थंडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात गेला, की थंडी हा शब्दच आपण विसरतो. अशा मुलखातली पोरं हल्ली मालवण-तारकर्लीला जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरतात. धुळ्याची माझी भाची तर तारकर्लीला या विद्येचं रीतसर शिक्षण घ्यायला निघाली. तिनं विचारलं, "मामू, तिथलं पाणी अठ्ठावीस अंश असतं म्हणे. मग तो रबरी पोशाख कशाला? उकडणार नाही का?"

प्रश्न अस्सल खानदेशी आहे. हवा २८ अंश असली तर आपण पंखा लावतो. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. भर उन्हात विहिरीत तासभर डुंबलेल्या पोरांचे दात वाजताना आपण पाहतोच की! वर ऊन कितीही असो, अंगाचा हिशेब पाण्याशी असतो.

या पोशाखाला वेटसूट म्हणतात, म्हणजे ओला पोशाख. नाव खरं आहे, कारण पाणी आत शिरतंच. त्याचा पातळ थर अंगाशी अडकतो आणि अंगाच्या उबेनं कोमट होतो. मात्र खरी राखण करतात ती निओप्रीन नावाच्या रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा जे काम करते, तेच. अंग कोरडं ठेवायची गरजच नाही, हे १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं ओळखलं.

आता निवड. मालवण, लक्षद्वीप, अंदमानच्या कोमट पाण्याला तीन मिलिमीटर जाडी बहुधा पुरते. पाणी २० ते २४ अंश असेल तर पाच. हिवाळ्यात तांबड्या समुद्रात जाणारे हाच घेतात. त्याहून थंड पाण्याला सात आणि डोक्याला टोपडं. दहा अंशांच्या खाली पाणी आत येऊच न देणारा कोरडा पोशाख लागतो. ते प्रकरण वेगळं आणि महागडं.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात, पोशाख पातळ पडतो, आणि खालचं पाणी कधी कधी वरच्यापेक्षा गारही असतं. शिवाय दिवसातली दुसरी-तिसरी बुडी पहिलीपेक्षा जास्त गारठवते. जाड पोशाख तरंगतोही जास्त, म्हणून कमरेला शिसं वाढवावं लागतं.

जाडीपेक्षाही माप महत्त्वाचं. ढगळ पाच मिलिमीटरपेक्षा अंगाबरोबर बसणारा तीन बरा. मान, मनगटं आणि कंबर इथून पाणी ये-जा करू लागलं, की ऊब गेलीच. घालून उकिडवं बसा, हात वर करा, खोल श्वास घ्या. गळा आवळत असेल तर दुसरा मागा. गारठलेल्या माणसाची बोटं बधिर होतात, बकल उघडत नाही, कुडकुडताना टाकीतली हवा लवकर संपते. म्हणून कुडकुडी भरली की सोबत्याला खूण करून शांतपणे वर यायचं, धीटपणा दाखवायचा नाही.

एकदाच बुडी मारणाऱ्यानं विकत घेऊ नये, भाड्याचा बरा. फक्त शिवणी तपासून घ्या. भाचीनं तीन मिलिमीटरचा, पूर्ण बाह्यांचा घेतला. खडकाचं खरचटणं वाचतं, आणि अंगभर असल्यामुळे तिच्या अम्मीलाही तो पसंत पडला. वापरून झाला की गोड्या पाण्यात खळबळायचा, रुंद हँगरला लावून सावलीत वाळवायचा. धुळ्याच्या गच्चीवर उन्हात टाकला, तर दोन उन्हाळ्यांत रबर कडक होईल.