लाइट सगळ्यात शेवटी

जुलै-ऑगस्ट आला की कोल्हापुरात भाजी घेतानासुद्धा एकच चौकशी असते, 'राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं?' ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, २०२१ च्या जुलैमध्ये ५६. पाणी चढताना काय हलवायचं हे त्या दोन पुरांनी आपल्याला चांगलंच शिकवलं. आधी कागदपत्रं, मग सिलिंडर, धान्याचे डबे, गोठ्यात जनावरं असतील तर ती. पाणी उतरल्यावर काय करायचं, हे मात्र ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलेलं.

उतरलेल्या पाण्यामागून घरात पहिलं पाऊल पडतं ते बहुतेक बाईचं. पदर खोचलेला, हातात खराटा आणि पाय अनवाणी, कारण त्या चिखलात चप्पल टिकतच नाही. गाळ ओला आहे तोवर काढायचा असतो, वाळला की दगड होतो. आत अंधार, म्हणून हात आपसूक बटनाकडे जातो. मैत्रिणींनो, तिथंच थांबायचं.

माझ्या ओळखीच्या एका वहिनींची गोष्ट सांगते. २०२१ चं पाणी उतरल्यावर त्यांनी आठवणीनं मेन स्विच बंद आहे ना ते बघितलं आणि फडक्यानं भिंत पुसायला घेतली. बोर्डाजवळ हात गेला तशा खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. 'मेन तर बंद हुता की!' असं त्या अजून म्हणतात. झालं होतं असं, की मुलानं माळ्यावर जपून ठेवलेला इन्व्हर्टर खाली आणून, आईला उजेड हवा म्हणून, जोडून दिला होता. महावितरणची लाइट नसली तरी इन्व्हर्टर त्याच वायरींतून २३० व्होल्ट सोडतो. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद, आणि त्याची पिनही काढलेली हवी. शेजाऱ्यानं जनरेटरची वायर आपल्याकडे ओढून दिली असेल, तर तीही आधी सोडवून घ्यायची.

मेन स्विचच भिजला असेल किंवा पाण्यात उभं राहून तो बंद करावा लागत असेल, तर हात लावूच नये. महावितरणच्या १९१२ वर फोन करून खांबावरूनच पुरवठा तोडायला सांगावं. कोरडी काठी, रबरी चप्पल वगैरे भरवशावर बायका धाडस करतात, पण काठी आणि चप्पल त्या दिवसांत कोरडी असते कुठं?

'एमसीबी बसवलीय, काय होत नाही' हेही पुष्कळदा ऐकू येतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी माणसाला शॉक बसतोय म्हणून पडणार नाही. माणसाला वाचवते ती ईएलसीबी. घरात बसवतात ती ३० मिलिअँपिअर गळतीलाच तुटते, म्हणजे १५ वॅटच्या बल्बला लागतो त्याच्या निम्म्याहूनही कमी करंट. तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटन महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खटका पडला नाही, तर ती नुसती शोभेला आहे. आणि अर्थिंग तुटलेलं असेल तर तेही दुरुस्त करून घ्यायलाच हवं. पुरात बुडालेली एमसीबी, ईएलसीबी, बटनं, सॉकेट मात्र वाळवून वापरू नयेत, बदलावीत. वरून कोरडी दिसली तरी आत गाळाचा थर बसलेला असतो, आणि हवा दमट झाली की तोच करंट वाहून नेतो. भिंतीतल्या पाइपात तर पाणी कितीतरी दिवस राहतं. जुन्या मातीच्या भिंतींचं विचारूच नका.

मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, मीटरच्या पुढचं आपलं. त्यासाठी लायसनचा वायरमन बोलवा आणि 'मेगर लावून बघ' असं स्पष्ट सांगा. वायरीचं इन्शुलेशन शाबूत आहे की नाही ते मेगर दाखवतं, खिशातला टेस्टर नाही. पूर गेल्यावर वायरमन मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं, हे मलाही माहीत आहे. तरीही थांबा. मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन उन्हात ठेवलं म्हणून लगेच पिन लावू नका, त्यानं उघडून तपासू दे.

कुणी चिकटलंच तर त्याला ओढायला धावू नका, आधी मेन पाडा. आणि धुतलेल्या कपड्यांच्या ढिगासाठी लोखंडी तार बांधू नका. सर्व्हिस वायर तिला कुठं घासली की ओलं लुगडं टाकतानाच घात होतो. नायलॉनची दोरी घ्या.

वहिनींनी त्या वर्षी आठ दिवस मेणबत्ती आणि मोबाइलच्या बॅटरीवर काढले. आता त्यांच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ मुद्दाम तशीच ठेवलीय आणि सगळे बोर्ड तिच्यावर हातभर उंच आहेत. नातवाला पंखा लावायला स्टूल लागतं, म्हणून तो कुरकुरतो.